बाटलीत वाढणारा समुद्र : घरगुती वनस्पतिप्लवक संवर्धन

खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय हौसेने ठेवणाऱ्यांच्या घरी, माशांच्या काचपेटीपासून थोड्या अंतरावर, कोठेतरी कोपऱ्यात हिरव्या पाण्याच्या दोन-चार बाटल्या बुडबुडत असतात. पाहुण्यांना ते शेवाळलेले, टाकून द्यायचे राहून गेलेले पाणी वाटते. वस्तुतः त्या पाण्याच्या प्रत्येक थेंबात लक्षावधी जिवंत पेशी असतात आणि काचपेटीतील कित्येक जीवांचे पोट त्यांच्यावर चालते. या पेशी म्हणजे वनस्पतिप्लवक. माशांचा सुका आहार दुकानात मिळतो, गोठवलेला आहारही मिळतो. जिवंत वनस्पतिप्लवक मात्र बहुतेकांना घरीच वाढवावे लागतात.

‘प्लँक्टन’ ही संज्ञा जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सेन यांनी १८८७ मध्ये रूढ केली. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ भटकणारा. पाण्याच्या प्रवाहाविरुद्ध पोहण्याचे बळ ज्यांच्यात नाही, असे सारे तरंगते जीव या एका नावाखाली येतात. त्यांपैकी सूर्यप्रकाशावर स्वतःचे अन्न तयार करणारे ते वनस्पतिप्लवक आणि त्यांना खाणारे ते प्राणिप्लवक. पृथ्वीवरील एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी जवळपास निम्मे हे डोळ्यांना न दिसणारे तरंगते जीव करतात. कोकणच्या किनाऱ्यावरील तिसऱ्या आणि कालवे पाणी गाळून जे खातात ते प्रामुख्याने हेच. तारली आणि बांगडा यांचीही अन्नसाखळी अखेर येथेच येऊन मिळते. एखाद्या वर्षी किनाऱ्यावर रात्री लाटा निळसर चमकताना दिसतात, त्या नॉक्टिल्युका नावाच्या प्लवकामुळे. तो मात्र इतर प्लवकांना गिळणारा आहे आणि घरच्या बाटलीत त्याचे काही काम नाही.

मत्स्यालयासाठी वाढवल्या जाणाऱ्या जाती मोजक्याच आहेत. सर्वांत सोशिक म्हणजे नॅनोक्लोरोप्सिस. तिची पेशी अवघी दोन ते चार मायक्रॉनची, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या वीस-पंचवीसाव्या हिश्शाएवढी. जपानमधील मत्स्यबीज केंद्रांत ती कित्येक वर्षे ‘सागरी क्लोरेला’ या नावाने वाढवली जात होती. १९८१ मध्ये नॅनोक्लोरोप्सिस ही स्वतंत्र प्रजाती मानली गेली. दुसरी आयसोक्रायसिस, सोनेरी-तपकिरी रंगाची. ब्रिटिश शास्त्रज्ञ मेरी पार्क यांनी १९४९ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. तिसरी टेट्रासेल्मिस; आकाराने मोठी, चार शेपट्यांनी पोहणारी, गर्द हिरवी. याखेरीज कीटोसेरॉस, थॅलॅसिओसिरा यांसारखे डायाटम आहेत. त्यांच्या कवचाला वाळूतील सिलिका लागते आणि त्यामुळे त्यांचे संवर्धन थोडे वेगळे आहे.

या बाटल्या खरोखर कोणासाठी भरायच्या, हा प्रश्न आधी सोडवलेला बरा. पेटीत केवळ मासे असतील तर त्यांना वनस्पतिप्लवकांचा थेट उपयोग जवळजवळ नाही. पाणी गाळून खाणारे शिंपले, पंखासारखे तुरे पसरणारे नळीतील कृमी, स्पंज आणि मुख्यतः कोपेपॉड नावाचे बारीक कवचधारी जीव हे त्यांचे खरे ग्राहक. मँडरिनसारखे काही मासे जवळपास केवळ कोपेपॉडवर जगतात; पेटीतील कोपेपॉड संपले की असा मासा सुंदर दिसत दिसत काही आठवड्यांत उपासमारीने मरतो. परदेशी पुस्तकांत प्रवाळांसाठीही वनस्पतिप्लवक सांगितलेले असतात. परंतु भारतात प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे वाघाच्या बरोबरीचे संरक्षण मिळाले. समुद्रातून प्रवाळाचा तुकडा उचलून आणणे हा गुन्हा आहे, आणि ‘दुकानदाराने दिला’ एवढ्याने तो गुन्हा होण्याचे थांबत नाही.

याहून महत्त्वाचा ग्राहक मात्र पेटीत दिसतच नाही. ‘फाइंडिंग नीमो’ या २००३ च्या चित्रपटाने घरोघरी पोहोचलेला विदूषक मासा हा बंदिस्त पाण्यात अंडी घालणाऱ्या मोजक्या सागरी माशांपैकी एक. जोडी जमली की ती दगडावर काही शे नारिंगी अंडी घालते, नर त्यांना पंखांनी वारा घालत राखण करतो आणि सहा ते आठ दिवसांनी, दिवे मालवल्यावर, पिल्ले बाहेर पडतात. पिल्लू तीन-चार मिलिमीटरचे. त्याच्या तोंडात सुक्या अन्नाचा कण मावत नाही. मावला तरी हालचाल न करणाऱ्या कणाला ते अन्न मानीत नाही. त्याला लागतो रोटिफर, म्हणजे मिलिमीटरच्या पावभागाहून लहान असा गरगरणारा प्राणिप्लवक. आणि रोटिफर जगतो वनस्पतिप्लवकांवर. हिरवी बाटली नसेल तर रोटिफर नाहीत, रोटिफर नसतील तर दोन-तीन दिवसांत सारी पिल्ले तळाला. मग पुढचा विदूषक मासा पुन्हा अंदमानच्या किंवा अन्य कोठल्या खडकातून जाळ्याने पकडलेलाच विकत घ्यावा लागतो. घरगुती छंदाचा भाग वाटणाऱ्या या पाण्याचे मोल येथे आहे.

संस्थांच्या पातळीवर हे काम नवे नाही. प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत ॲलन आणि नेल्सन यांनी १९१० मध्ये डायाटमच्या कृत्रिम संवर्धनाची पद्धत प्रसिद्ध केली. जपानमध्ये फुजिनागा यांनी कोळंबीच्या अळ्या डायाटमवर वाढवून दाखवल्या आणि आजच्या कोळंबी उद्योगाचा पाया घातला. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या तुतिकोरीन येथील प्रयोगशाळेने १९८१ मध्ये मोत्यांच्या कालवांचे बीज बंदिस्त पाण्यात तयार केले, तेव्हा त्या अळ्यांचे अन्न आयसोक्रायसिस हेच होते. महाराष्ट्रात ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात अलीकडच्या काळात विदूषक माशांचे प्रजनन केंद्र उभे राहिले. अशा केंद्रांत मासे असतात त्याहून जास्त जागा हिरव्या-तपकिरी पाण्याच्या पिंपांना लागते, हे तेथे प्रथमच जाणाऱ्यांच्या लक्षात येते.

हे सारे समुद्रकाठचे झाले. नंदुरबार जिल्ह्यातील कोरीटसारख्या गावी कोणी खाऱ्या पाण्याची पेटी ठेवायची म्हटली, तर चित्र बदलते. जवळचा समुद्र सुरतेपलीकडचा. सरळ रेषेत मोजला तरी दीडशे किलोमीटरहून दूर. जिल्ह्यातून वाहणारी तापी त्याच समुद्राला जाऊन मिळते खरी. दख्खनच्या काळ्या खडकाची झीज होऊन सुटणारी सिलिका आणि शेतांतून वाहून आलेले नत्र ती अरबी समुद्रातील प्लवकांना पुरवते, पण परतीची वाट नाही. तापीच्या मुखाजवळचे पाणी पिंपात भरून आणणे हा उपाय सुचतो, मात्र तो टाळावा. खंभातच्या आखाताच्या भरती-ओहोटीने ते पाणी गढूळ असते, शहराचे सांडपाणी त्यात मिसळते आणि प्लवकांना खाणारे सारे सूक्ष्मजीवही त्याच्यासोबत येतात. चेन्नई किंवा कोचीहून कुरिअरने मागवलेली जिवंत प्लवकांची बाटली उन्हाळ्यात तीन दिवस गोदामात आणि टेम्पोत तापली की बहुधा पिवळी पडूनच हाती येते. त्यामुळे ‘लागले की मागवू’ हा शहरी मार्ग येथे नाही. एकदा जिवंत पोहोचलेले बीज मरू न देणे, हेच येथील खरे कौशल्य.

पाणी आणि मीठ

पाणी समुद्राचे नको असेल तर ते तयार करावे लागते. खानदेशात विंधनविहिरींचे पाणी बहुतेक ठिकाणी जड आहे. ते थेट वापरण्याऐवजी आरओ यंत्रातून काढलेले घ्यावे. त्यात मत्स्यालयासाठी मिळणारे कृत्रिम सागरी मीठ विरघळवायचे. स्वयंपाकघरातील मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यातील क्षारांत सोडियम आणि क्लोराइड यांचा वाटा सुमारे ८५ टक्के असतो. उरलेल्या १५ टक्क्यांत मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम येतात आणि पेशीला त्यांच्यावाचून भागत नाही. मिठागरातील जाडे मीठ ‘समुद्राचेच’ म्हणून वापरणारेही भेटतात. परंतु मिठाचे स्फटिक जमल्यावर उरलेले कडवट पाणी मिठागरात काढून टाकले जाते, आणि मॅग्नेशियम त्याच पाण्यासोबत जाते.

मत्स्यालयाची क्षारता दर लिटरला साधारण ३५ ग्रॅम असते. नॅनोक्लोरोप्सिस आणि रोटिफर दोन्ही २० ते २५ ग्रॅमच्या पाण्यात उत्तम वाढतात, त्यामुळे संवर्धनासाठी मीठ थोडे कमी घालणे सोयीचे आणि स्वस्तही. खारेपणा मोजायला साधा तरंगमापक पुरतो.

निर्जंतुकीकरण

घरगुती संवर्धने बुडतात त्यांतील बहुतेक या टप्प्यावर. तयार पाण्यात बाहेरचे काही जिवंत राहता कामा नये. मार्ग दोन. पहिला प्रेशर कुकरचा : काचेच्या बाटल्यांत तीन-चतुर्थांश पाणी भरून, तोंडाला कापसाचा बोळा व त्यावर ॲल्युमिनियमचा कागद लावून, शिट्टी झाल्यावर मंद आचेवर वीस मिनिटे. घरचा कुकर साधारण १२० अंशांपर्यंत तापतो, म्हणजे प्रयोगशाळेतील ऑटोक्लेव्हच्या जवळपास. बाटल्या कुकरमध्येच गार होऊ द्याव्यात. पोषकद्रव्ये आधी घालू नयेत. तापलेल्या खाऱ्या पाण्यात फॉस्फेटचा साका बसतो आणि तो पेशींच्या उपयोगाचा राहत नाही.

दुसरा मार्ग क्लोरीनचा, आणि पाच-दहा लिटर पाणी करायचे तर तोच परवडतो. पाच टक्के हायपोक्लोराइटचे द्रावण लिटरला अर्धा मिलिलिटर या प्रमाणात घालून पाणी झाकून रात्रभर ठेवायचे. क्लोरीनचे प्रमाण लिटरला २५ मिलिग्रॅमच्या आसपास येते. सकाळी सोडियम थायोसल्फेटचे खडे विरघळवून क्लोरीन मारायचा. कृष्णधवल छायाचित्रणाच्या काळात डार्करूममध्ये ‘हायपो’ म्हणून ओळखले जाणारे ते हेच. क्लोरीन उरला आहे की नाही, हे अंदाजाने ठरवू नये. ग्रामपंचायतीत नळाच्या पाण्याची जी ओटी चाचणी करतात, ती येथे चालते : दोन-चार थेंब टाकले आणि पाणी पिवळे झाले, तर क्लोरीन शिल्लक आहे. पाणी रंगहीन राहीपर्यंत बीज टाकायचे नाही. सुवासिक किंवा फेस येणारी ब्लीच कधीही वापरू नये.

खत

सूक्ष्मशैवालासाठी जगभर वापरले जाणारे मिश्रण म्हणजे गिलार्ड यांचे ‘एफ-बाय-टू’. अमेरिकेतील वुड्स होल येथे गिलार्ड आणि राईथर यांनी १९६२ मध्ये ‘एफ’ नावाचे माध्यम सांगितले. पुढे त्याची तीव्रता निम्मी केली तरी पेशी तितक्याच वाढतात असे दिसले, म्हणून ‘एफ भागिले दोन’. एक लिटर पाण्याला सोडियम नायट्रेट ७५ मिलिग्रॅम, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ५ मिलिग्रॅम, लोह-जस्त-मँगनीज आदी सूक्ष्मधातू आणि बी-१, बी-१२ व बायोटिन ही तीन जीवनसत्त्वे, असे त्याचे स्वरूप. डायाटम वाढवायचे तर सोडियम मेटासिलिकेट ३० मिलिग्रॅम अधिक. आरओ यंत्र पाण्यातील सिलिका बरीच काढून टाकते, त्यामुळे ते वगळून चालत नाही. भारतीय मत्स्यबीज केंद्रांत वॉल्न किंवा कॉनवे माध्यमही वापरले जाते. घरी इतके सूक्ष्म वजन करणे शक्य नसल्याने तयार संहत द्रावण घेऊन लिटरमागे सांगितलेले थेंब मोजणे उत्तम. जीवनसत्त्वांची बाटली फ्रीजमध्ये ठेवावी आणि ती पाणी गार झाल्यावरच वापरावी.

शेतीप्रधान जिल्ह्यात एक मोह हमखास होतो : घरात युरिया आणि सुपर फॉस्फेटची पोती असताना विलायती द्रावण कशाला? मोठ्या केंद्रांत उघड्या टाक्यांत खरोखरच शेतीची खते वापरतात. पण तेथे ते पाणी शेकडो पटींनी पातळ होते, शिवाय त्यावर प्रयोगशाळेची नजर असते. युरिया आणि अमोनियम सल्फेट यांतून सुटणारा अमोनिया घरच्या शंभर लिटरच्या पेटीत गेला तर एका रात्रीत मासे मरतात. खताच्या पोत्यातील मातीही निर्जंतुक नसते. पैसे वाचवायची ही जागा नाही.

प्रकाश आणि हवा

यात अवघड काही नाही. शीतपेयाच्या पारदर्शक दोन लिटरच्या बाटल्या, स्वच्छ धुतलेल्या. झाकणाला दोन भोके, एकातून तळापर्यंत जाणारी कडक नळी, दुसरे हवा बाहेर पडायला आणि त्यात कापूस. हवेचा छोटा पंप. नळीच्या टोकाला हवेचा दगड लावू नये. बारीक बुडबुड्यांनी फेस येतो, पेशी फेसाबरोबर काठाला चिकटतात आणि दगडाच्या छिद्रांत जंतू घर करतात. मोठे, सुटे बुडबुडे पुरे. त्यांचे काम दुहेरी आहे : पेशींना तळाशी बसू न देणे आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड पाण्यात पोहोचवणे. हवा अपुरी पडली तर पाण्याचा सामू नऊच्या वर चढतो आणि वाढ थांबते. प्रकाशासाठी पांढरी एलईडी ट्यूब, बाटलीपासून वीतभर अंतरावर, दिवसाचे सोळा तास. खिडकीतले थेट ऊन नको.

उन्हाळा आणि वीज

खरी परीक्षा मार्च ते जून या महिन्यांत. या बहुतेक जातींना १८ ते २४ अंश तापमान सर्वाधिक मानवते. नॅनोक्लोरोप्सिस तिशीपर्यंत बरी चालते, त्यापुढे मंदावते आणि पाण्याचे तापमान ३५ च्या वर राहिले तर संपते. आयसोक्रायसिस त्याही आधी. नंदुरबार परिसरात मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे जाणे नवलाचे नाही. पत्र्याच्या खोलीत अशा वेळी बाटल्या दोन दिवसही टिकणार नाहीत. जुन्या धाब्याच्या घराचे माजघर मात्र भर दुपारी बाहेरच्यापेक्षा कितीतरी गार असते. मातीचे जाड छप्पर आणि भिंती तेथे आपोआप काम करतात.

मुंबई-पुण्याचा हौशी अशा वेळी वातानुकूलन लावतो किंवा पाणी गार करणारे चिलर विकत घेतो. खेड्यात यापेक्षा साधे उपाय आहेत आणि खानदेशच्या कोरड्या हवेत ते चांगले चालतात. बाटल्या पसरट परातीत पाणी घालून त्यात उभ्या कराव्यात, भोवती सुती कापड गुंडाळून त्याचे टोक परातीत सोडावे; कापड पाणी ओढत राहते, पाणी उडत राहते आणि माठातल्या पाण्यासारखी बाटली गार राहते. उजेडाची बाजू तेवढी उघडी ठेवावी. कूलरच्या झोतात परात ठेवली तर परिणाम दुणावतो. पावसाळ्यात दमट हवेमुळे हाच उपाय निकामी होतो, पण तेव्हा त्याची गरजही उरत नाही.

दुसरी युक्ती दिव्याच्या वेळेची. सूक्ष्मशैवालाला सूर्य कधी उगवतो याची पर्वा नाही; त्याला अखंड सोळा तास उजेड आणि आठ तास अंधार मिळाला की झाले. उन्हाळ्यात दिवे संध्याकाळी सहाला लावून सकाळी दहाला मालवावेत. दिव्याची उष्णता रात्रीच्या गारव्यात विरते आणि दुपारचा तापलेला काळ पेशी अंधारात, संथपणे काढतात. वीज जाण्याची भीती मात्र अनाठायी बाळगली जाते. माशांच्या पेटीत हवा बंद पडणे हे संकट असते. बाटलीतील प्लवकांना चार-सहा तास हवा मिळाली नाही तर काही बिघडत नाही. दर तासा-दोन तासांनी बाटली हाताने हलवावी, एवढेच. उजेडाविना ते एक-दोन दिवसही सहज काढतात. त्यामुळे इन्व्हर्टरवर काय जोडायचे याची निवड करावी लागली, तर पंप माशांच्या पेटीला द्यावा.

वाढ, विभागणी आणि बुडणे

निर्जंतुक, खत घातलेल्या चार भाग पाण्यात एक भाग बीज टाकून सुरुवात करतात. पहिले दोन दिवस काहीच घडत नाही असे वाटते. मग पाणी पोपटी होते, मग हिरवे, आणि आठ-दहा दिवसांत इतके गर्द की बाटलीमागे धरलेली बोटे दिसेनाशी होतात. या अवस्थेत नॅनोक्लोरोप्सिसच्या दर मिलिलिटरला कोट्यवधी पेशी असू शकतात. तेव्हा अर्धे पाणी काढून घ्यायचे आणि तितकेच नवे निर्जंतुक पाणी व खत घालायचे. काढायला उशीर केला तर अन्न संपते, पेशी म्हाताऱ्या होऊन तळाला बसतात, आणि अशा बाटलीतून पुढे घेतलेले बीजही दुबळेच निघते. गर्द हिरव्या बाटलीकडे अभिमानाने पाहत दोन आठवडे काढणारा हौशी हीच चूक करतो.

घनता मोजण्यासाठी सूक्ष्मदर्शक हवाच असे नाही. एका पट्टीच्या टोकाला काळ्या-पांढऱ्या रंगाची चकती चिकटवून ती पाण्यात बुडवावी आणि किती सेंटिमीटरवर दिसेनाशी होते ते लिहून ठेवावे. दर बाटलीवर तारीख आणि हा आकडा, एवढी नोंद ठेवणाऱ्याला काही महिन्यांत रंगावरूनच सारे कळू लागते. शाळेत असतो तसा ४०० पट मोठे दाखवणारा सूक्ष्मदर्शक मिळाला तर मात्र बाटलीत शिरलेला शत्रू बुडण्याच्या आधी दिसतो.

शत्रू दोन प्रकारचे. झालरीसारखे केस हलवत पळणारे सिलिएट, आणि खुद्द रोटिफर. रोटिफरची मादी नराविना प्रजा वाढवते आणि चांगले अन्न मिळाले की तिची संख्या दीड-दोन दिवसांत दुप्पट होते. तिला हिरवी बाटली सापडणे म्हणजे उभ्या पिकात टोळधाड. काल गर्द असलेले पाणी आज पारदर्शक आणि तळाशी राखाडी गाळ, हे त्याचे लक्षण. यावर औषध नाही. बाटली ब्लीचने मारून ओतून द्यायची. म्हणून सर्वत्र एकच शिस्त पाळतात : पाणी एकाच दिशेने जाते. आधी बीजाच्या बाटल्या, मग वाढीच्या बाटल्या, मग रोटिफर, शेवटी पिल्ले. रोटिफरच्या भांड्यात बुडालेला चमचा, नळी किंवा हात त्या दिवशी प्लवकांच्या बाटलीकडे परत येत नाही. दोन्ही संवर्धने एकाच खोलीत ठेवावी लागली तर प्लवकांची फळी वर आणि रोटिफर खाली. उलट ठेवल्यास पंप बंद पडताच पाणी नळीतून मागे वाहण्याचा धोका असतो.

बीजाच्या बाटल्या वेगळ्या, लहान आणि किमान दोन असाव्यात, त्याही दोन वेगळ्या खोल्यांत. त्यांना पंप लावत नाहीत. मंद उजेड, दिवसातून एकदा हलवणे आणि दोन-तीन आठवड्यांनी नव्या पाण्यात बदली. एक शेजाऱ्याकडे किंवा गावातील शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवता आली तर फारच उत्तम. समुद्रकाठच्या हौशीचे बीज मेले तर तो मित्राकडून आणतो. कोरीटमधल्याला पुन्हा तोच तीन दिवसांचा कुरिअर.

किती घालावे

येथे हात आखडता घेणे शहाणपणाचे. शंभर लिटरच्या पेटीत सुरुवातीला रोज पाच मिलिलिटर पुरे, तेही रात्री, गाळणयंत्राचा पंप थोडा वेळ थांबवून. हिरवे पाणी नैसर्गिक आहे म्हणून कितीही चालेल, हा समज महाग पडतो. ‘एफ-बाय-टू’च्या लिटरभर द्रावणात सुमारे ५५ मिलिग्रॅम नायट्रेट आणि साडेतीन मिलिग्रॅम फॉस्फेट असते. अर्धवट वाढलेल्या बाटलीतील, न वापरले गेलेले खत असलेले पाणी शंभर लिटरच्या पेटीत रोज शंभर मिलिलिटर ओतले, तर महिन्याकाठी फॉस्फेट लिटरला ०.१ मिलिग्रॅमने वाढते. आकडा क्षुल्लक वाटतो, पण काचांवर आणि दगडांवर केसाळ शेवाळ माजायला एवढे पुरते. खत दुप्पट घालण्याची सवय असलेल्यांकडे ते महिनाही थांबत नाही. म्हणून बाटली पूर्ण गर्द झाल्यावर, खत संपत आल्यावरच काढावी आणि पेटीतील नायट्रेट-फॉस्फेट दर आठवड्याला तपासावे.

काढलेले पाणी फ्रीजमध्ये चार अंशांच्या आसपास तीन-चार आठवडे जिवंत राहते. रोज एकदा हलवायचे. बर्फाच्या कप्प्यात ठेवल्यास पेशी फुटतात. बाटलीवर ठळक अक्षरांत नाव लिहिणे घरातील शांततेसाठी आवश्यक, कारण पुदिन्याच्या सरबताशी तिचे साम्य विलक्षण आहे.

जातींची निवड ग्राहकावर ठरते. नॅनोक्लोरोप्सिसमध्ये ईपीए हे मेदाम्ल भरपूर, पण तिची पेशीभित्तिका जाड. आयसोक्रायसिसला तशी भित्तिका नाही आणि तिच्यात डीएचए अधिक. माशांच्या पिल्लांच्या डोळ्यांच्या व मेंदूच्या वाढीला हेच डीएचए लागते. म्हणून रोटिफर नॅनोक्लोरोप्सिसवर वाढवायचे आणि पिल्लांना देण्यापूर्वी काही तास आयसोक्रायसिसमध्ये ठेवायचे, अशी सोपी वाटणी करता येते. पिल्लांच्या भांड्यातही नॅनोक्लोरोप्सिसने पाण्याला हलकी हिरवी छटा आणतात. त्यामुळे न खाल्लेले रोटिफर उपाशी राहत नाहीत आणि पिल्लांना ते अधिक स्पष्ट दिसतात. आठवडाभराने आर्टेमियाच्या ताज्या अळ्या सुरू करता येतात आणि दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास अंगावर पहिला पांढरा पट्टा उमटू लागतो.

वेळेचे गणित मात्र उलट दिशेने मांडावे लागते. प्लवकांची पहिली बाटली गर्द व्हायला आठ-दहा दिवस, त्यावर रोटिफर पुरेसे वाढायला आणखी आठवडा, आणि अंडी घातल्यापासून पिल्ले बाहेर पडेपर्यंत अवघे सहा ते आठ दिवस. दगडावर अंडी दिसल्यानंतर बीज मागवणाऱ्याची ती वीण वाया जाणार, हे ठरलेले. पण जोडी एकदा अंडी घालू लागली की साधारण दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा घालते. कुरिअर येण्याचे तीन दिवस धरले तरी तिसऱ्या विणीपर्यंत हिरव्या बाटल्या तयार असू शकतात.